वाचकांचे प्रश्न : मुळशीचे खोरे

मागील अंकात सह्याद्रीतील जलविद्युत प्रकल्पांविषयी लिहिताना मुळशी तलावाचा उल्लेख दोनच ओळींत आला होता. त्यावर आलेली पत्रे पाहता त्या दोन ओळी अपुऱ्या होत्या, हे मान्य करणे भाग आहे. म्हणून या वेळचा संपूर्ण स्तंभ एकाच खोऱ्याला दिला आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे न देता केवळ गावांची नावे दिली आहेत.

प्रश्न : माझी आजी नेहमी म्हणत असे, “आमचं गाव मुळशी खोऱ्यात होतं, ते पाण्याखाली गेलं.” नकाशात पाहावे तर मुळशी तालुक्यात हिंजवडीही येते आणि लवासाही. मग मुळशी खोरे म्हणजे नेमके कुठून कुठपर्यंत? (ठाणे)

आपली आजी खोऱ्याविषयी बोलत होती आणि आपण तालुक्याचा नकाशा पाहत आहात, गोंधळ तेथेच झाला आहे. तालुका सरकारी सोयीसाठी आखलेला असतो. खोरे मात्र पाणलोटावरून ठरते, म्हणजे ज्या डोंगरधारांवर पडलेला पाऊस ओढ्या-ओहोळांतून एकाच नदीला मिळतो, त्या धारांच्या आतला सगळा मुलूख म्हणजे त्या नदीचे खोरे. आज मुळशी तालुका म्हणून जो भाग ओळखला जातो, त्यात एकाहून अधिक खोऱ्यांचे तुकडे एकत्र बांधलेले आहेत. लवासाचे दासवे हे गाव मोसे नदीच्या खोऱ्यात येते आणि मोसेचे पाणी पुढे मुठेला मिळते. हिंजवडी मुळेच्या खालच्या अंगाला, पुण्याजवळच्या सपाटीवर आहे. गंमत अशी की ज्या मुळशी गावाचे नाव तालुक्याला मिळाले, त्या गावी तालुक्याची कचेरी नाही. ती पौडला आहे.

आजीच्या बोलण्यातले खोरे हे मुळा नदीचे वरचे खोरे होय. पश्चिमेला ताम्हिणीच्या घाटमाथ्यापासून ते सुरू होते, दोन्ही बाजूंच्या डोंगररांगांमधून पूर्वेकडे उतरते आणि मुळा व निळा या नद्यांच्या संगमापाशी, म्हणजे आज जेथे धरणाची भिंत उभी आहे तेथे, त्याचा तोंडाकडचा भाग अरुंद होतो. त्याच्या पूर्वेला पौड. संगमाच्या वरच्या अंगाला दोन्ही नद्यांच्या काठची सपाट, गाळाची जमीन हीच या खोऱ्यातली खरी शेतजमीन होती आणि आज तलावाचे पाणी नेमके तिच्यावरच उभे आहे. तेव्हा ‘गाव पाण्याखाली गेले’ याचा अर्थ केवळ घरे बुडाली असा घेऊ नये. खोऱ्याचा पिकाऊ तळ गेला आणि राहिल्या त्या उतारावरच्या वरकस जमिनी.

प्रश्न : ‘मावळ’ आणि ‘खोरे’ हे शब्द एकाच अर्थाचे आहेत का? (नाशिक)

व्यवहारात पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. सूर्य मावळतो त्या दिशेचा, म्हणजे पुण्याच्या पश्चिमेचा डोंगरी मुलूख तो मावळ, अशी व्युत्पत्ती सर्वसाधारणपणे दिली जाते. या मुलखात सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून पूर्वेकडे बोटांसारखे डोंगराचे फाटे निघतात आणि दोन फाट्यांच्या मध्ये एकेक नदी असते. प्रत्येक दोन फाट्यांमधला भाग हा एकेक मावळ किंवा एकेक खोरे. त्यामुळे काही नावांच्या शेवटी ‘मावळ’ येते (आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ, गुंजण मावळ, हिरडस मावळ) आणि काहींच्या शेवटी ‘खोरे’ (मुठे खोरे, मोसे खोरे, कानद खोरे, रोहिड खोरे). मुळेकाठचा भाग पौड मावळ या नावाने ओळखला जाई. ‘बारा मावळ’ हा शब्दप्रयोग रूढ असला, तरी यादी करायला बसले की नावे बारावर थांबत नाहीत, हा अनुभव अनेकांना आला असेल.

प्रश्न : ताम्हिणीला विक्रमी पाऊस पडल्याच्या बातम्या दरवर्षी वाचतो. मग त्याच भागातील वाड्या-वस्त्यांवर एप्रिल-मेमध्ये पाण्यासाठी वणवण का होते? (सोलापूर)

सोलापूरच्या वाचकाला हा प्रश्न पडावा हे स्वाभाविक आहे. अरबी समुद्रावरून येणारे वारे कोकणाची सपाटी ओलांडून सह्याद्रीच्या कड्याला थडकतात, एकदम वर चढतात, थंड होतात आणि अंगातले बहुतेक पाणी घाटमाथ्यावरच सोडून देतात. ताम्हिणीच्या माथ्यावर वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो आणि तेथून सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटरच्या आत असलेल्या पुणे शहरात तो जेमतेम सातशे मिलिमीटर भरतो. एका खोऱ्याच्या वरच्या टोकाकडून खालच्या टोकाकडे येतानासुद्धा पावसात एवढा फरक पडतो की वरच्या गावातला माणूस इरले उतरवायला तयार नसतो, तेव्हा पौडच्या बाजारात ऊन पडलेले असते.

आता पाणी टिकत का नाही ते पाहू. हा सगळा प्रदेश लाव्हारसाच्या थरांनी बनलेल्या बेसॉल्ट खडकाचा आहे. कातळ कठीण असतो. त्याच्या भेगांत आणि दोन थरांच्या मधल्या मऊ पट्ट्यांत शिरेल तेवढेच पाणी आत मुरते, बाकीचे तीव्र उतारावरून काही तासांत ओढ्याला लागते. घाटमाथ्यावर मातीचा थरही पातळ असतो. कातळाच्या कपारीतले झरे दिवाळीपर्यंत खळखळतात, होळीनंतर बारीक होतात आणि वैशाखात हंडा भरायला अर्धा तास लावतात. शिवाय या खोऱ्यात एक जादा कारण आहे. धरणानंतर पुष्कळशी वस्ती तळातून उठून उतारावर आणि माथ्यावर गेली. तलावाचे पाणी डोळ्यांसमोर असते, परंतु ते खाली असते आणि माणूस वर असतो.

प्रश्न : मुळा पूर्वेकडे वाहते. मग तिच्या पाण्यावरचे वीजघर कोकणात, रायगड जिल्ह्यात, कसे? शाळेत भूगोल शिकवताना विद्यार्थी विचारतात आणि मला नीट सांगता येत नाही. (माणगाव)

आपण वीजघराच्या अगदी जवळ राहता, त्यामुळे हे उत्तर जरा सविस्तर देतो. मुळा मूळची पूर्ववाहिनी. तिला पवना मिळते, पुण्यात संगमावर मुठा मिळते, पुढे मुळा-मुठा रांजणगाव सांडस येथे भीमेला मिळते आणि भीमेच्या वाटेने कृष्णेतून हे पाणी बंगालच्या उपसागराला जाते. म्हणजे अरबी समुद्रापासून काही कोसांवर जन्मलेले पाणी द्वीपकल्प ओलांडून दुसऱ्या समुद्राला मिळते.

याचे कारण सह्याद्रीची रचना एकाच अंगाला झुकलेली आहे. पूर्वेकडे उतार मंद आहे, पश्चिमेकडे तुटलेला कडा आहे. मुळेचा उगमाकडचा भाग या कड्याच्या अगदी काठाला भिडलेला आहे. विद्यार्थ्यांना एक सोपा प्रयोग सांगावा : टेबलावर ताट ठेवून त्याची एक कड किंचित उचलून धरावी आणि उचललेल्या कडेला टेबलाच्या काठाबाहेर आणावे. ताटात ओतलेले पाणी विरुद्ध बाजूला वाहील. परंतु उचललेल्या कडेला छिद्र पाडले आणि पाण्याची पातळी तेथपर्यंत वाढवली, तर तेच पाणी सरळ जमिनीवर कोसळेल. मुळशीत हेच केले गेले. पूर्वेकडे नदीला भिंत घालून पाणी साठवले, ते पश्चिमेच्या टोकापर्यंत फुगवले आणि घाटमाथ्याखालून वाट काढून नळांतून कोकणात भिरा येथे सोडले. वरच्या पाण्यात आणि खालच्या वीजघरात सुमारे पाचशे मीटरांचे अंतर आहे. एवढ्या उंचीवरून येणाऱ्या पाण्याच्या जोराने चक्रे फिरतात आणि वापरून झालेले पाणी कुंडलिका नदीत जाते. कोलाडजवळ उन्हाळ्यातही कुंडलिकेवर नौकाविहाराची मौज करता येते, ती या सोडलेल्या पाण्याच्या आधारावर.

पुण्याकडे वाहणाऱ्या नदीचा मोठा हिस्सा अशा रीतीने शंभर वर्षे कोकणाकडे वळलेला आहे. भीमेच्या खोऱ्यात पाण्याची ओढ वाढली की हे पाणी परत पूर्वेला सोडावे, ही मागणी निघते. त्या वादात येथे शिरत नाही. परंतु ज्या कड्याने खोऱ्याला पाऊस दिला, त्याच कड्याच्या उंचीमुळे खोऱ्याची जमीन मुंबईच्या डोळ्यांत भरली, एवढे मात्र विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे. उंची कमी असती, तर येथे कोणी धरण बांधायला आले नसते.

प्रश्न : मुळशीचा आंबेमोहोर म्हणून जो तांदूळ विकला जातो, त्यात मुळशीचे असे काय आहे? आणि पूर्वीसारखा वास का येत नाही? (पुणे, दोन पत्रे)

आंबेमोहोर हा आखूड, किंचित गोलसर दाण्याचा तांदूळ. शिजताना आंब्याच्या मोहोरासारखा वास सुटतो म्हणून हे नाव. घाटमाथ्याच्या पूर्व उतारावरचा भरपूर पाऊस, खाचरांतली निचऱ्याची जमीन आणि दाणा भरताना पडणारी आश्विनातली थंडी यांवर त्याचा वास अवलंबून असतो, असे येथील शेतकरी सांगतात. मावळ भागातील आंबेमोहोराला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे.

हे भात पिकवण्याची रीत शहरातल्या वाचकांना सहसा ठाऊक नसते, म्हणून सांगतो. काम पावसाळ्यात सुरू होत नाही, ते माघ-फाल्गुनात सुरू होते. रोपासाठी राखलेल्या तुकड्यावर शेण पसरतात, त्यावर झाडांच्या छाटलेल्या फांद्यांचा कवळ, त्यावर पालापाचोळा आणि गवत आणि सर्वांत वर बारीक मातीचा थर. याला राब म्हणतात. चैत्र-वैशाखात, वारा पडलेला पाहून, राबाला वाऱ्याच्या उलट अंगाने पेटवतात. म्हणजे जाळ न होता तो आतल्या आत, धुमसत, सावकाश भाजत जातो. जाळ झाला तर माती नुसती करपते, धुमसला तर तणाचे बी मरते आणि राखेने जमीन भुसभुशीत होते. संध्याकाळी राब पेटलेल्या उतारावर निळसर धूर जमिनीला चिकटून खाली उतरताना दिसतो आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला त्या धुराच्या रंगावरून राब नीट भाजतो आहे की नाही ते ओसरीवर बसून कळते. मृगाच्या आधी किंवा पहिल्या सरीबरोबर तेथे बी टाकतात. तीन-चार आठवड्यांनी रोप उपटून त्याच्या मुठी बांधतात, चिखलणी केलेल्या खाचरांत आवणी होते आणि मग सगळे गाव गुडघाभर चिखलात, पाठीवर इरले घेऊन, वाकलेले असते.

वासाचे म्हणाल तर कारण सरळ आहे. आंबेमोहोराचे ताट उंच वाढते, वाऱ्यापावसात लोळते आणि उत्पन्न कमी देते. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून वडगाव मावळ येथील भात संशोधन केंद्रात तयार झालेला इंद्रायणी हा वाण १९८७ मध्ये आला. तो उंचीने बेताचा, उत्पन्नाला बरा, वासालाही चांगला. म्हणून शेतकऱ्यांनी तो उचलला. आज आंबेमोहोर म्हणून मिळणाऱ्या पोत्यात पुष्कळदा दुसरेच भात असते. या खोऱ्यातली तळाची उत्तम खाचरे १९२० च्या दशकात बुडाली, ही गोष्टही विसरू नये. आज जो मुळशीचा तांदूळ आपण खातो, तो उरलेल्या जमिनीतला आहे.

प्रश्न : शिवकाळात या खोऱ्याचे काय स्थान होते? इतक्या आडबाजूला राज्यकर्त्यांचे लक्ष तरी कशाला जाईल? (कोल्हापूर)

आडबाजू हा आजचा समज आहे. डांबरी रस्ता पुण्याहून येतो आणि घाटात संपल्यासारखा वाटतो, म्हणून आपल्याला हे खोरे टोकाचे वाटते. बैलांच्या तांड्यांच्या काळात ते मधले होते. कोकणातून मीठ वर यायचे, देशावरून धान्य खाली जायचे आणि ही ने-आण घाटवाटांनी व्हायची. मुळशीच्या उत्तरेला तैलबैलाच्या कातळभिंतींजवळून वाघजाई आणि सवाष्णी या वाटा कोकणात उतरतात. वाघजाईच्या पायथ्याशी ठाणाळ्याची लेणी आहेत आणि जवळच खडसांबळ्याचीही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध भिक्षूंनी लेण्यांसाठी ही जागा निवडली, ती वाटेवरची होती म्हणूनच. वाटांवर नजर ठेवण्यासाठी किल्ले आले : कोरीगड, घनगड आणि मुळशी तलावाच्या काठावर वडुस्तेजवळ असलेला, आज फारसा कोणाला ठाऊक नसलेला कैलासगड.

सत्ता मात्र किल्ल्यांवर जेवढी होती तेवढीच खोऱ्यातल्या देशमुखांच्या वाड्यात होती. प्रत्येक खोऱ्याचा देशमुख वेगळा : मोसे खोऱ्यात पासलकर, हिरडस मावळात बांदल, गुंजण मावळात शिळीमकर, रोहिड खोऱ्यात जेधे. वसूल गोळा करणे, पावसाळ्यात वाटा राखणे, भांडणे तोडणे आणि वेळ पडली तर माणसे घेऊन उभे राहणे ही त्यांची कामे. आदिलशाही असो की निजामशाही, दूरच्या दरबाराला या डोंगरात देशमुखाशिवाय पान हलवता येत नसे. शहाजीराजांच्या पुणे जहागिरीच्या आधारे शिवाजी महाराजांनी या देशमुखांना एकेक करून जोडले, जे आले नाहीत त्यांना वठणीवर आणले आणि स्वराज्याचे पहिले पायदळ या खोऱ्यांतूनच उभे केले. भाताच्या खाचरात चार महिने भिजणाऱ्या आणि उरलेल्या आठ महिन्यांत पुरेसे काम नसलेल्या या माणसांना डोंगर पाठ होता. ‘मावळा’ हा शब्द आज गौरवाने वापरला जातो, तो मुळात या रहिवाशांचे साधे नाव आहे. मराठेशाहीच्या शेवटी, मार्च १८१८ मध्ये, कर्नल प्रॉथरच्या फौजेने कोरीगड घेतला. त्यानंतर वाटांचे महत्त्व घाटांतल्या पक्क्या सडकांनी आणि पुढे बोरघाटातल्या रेल्वेने कमी केले. खोरे आडबाजूला पडले ते तेव्हा.

प्रश्न : मुळशीच्या सत्याग्रहाविषयी पाठ्यपुस्तकात एक ओळ असते. तो का झाला आणि का फसला? काही जण म्हणतात की तो सावकारांचा होता. खरे काय? (अमळनेर, सातारा आणि डोंबिवली येथील पत्रे एकत्र)

मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत. टाटा कंपनीने घाटमाथ्यावर पाणी साठवून ते कोकणात सोडून वीज करण्याची योजना लोणावळ्याच्या परिसरात प्रथम आखली आणि १९१५ मध्ये खोपोलीचे वीजघर सुरू झाले. त्यानंतर आंद्रा खोऱ्यातल्या पाण्यावर भिवपुरीचे वीजघर १९२२ मध्ये चालू झाले. तिसरी पाळी मुळशीची. तेथे कंपनीची माणसे मालकांना न विचारता शेतांत चाचणीचे खड्डे घेऊ लागली, तेव्हा लोकांना पहिल्यांदा कळले की आपल्या जमिनींचे काहीतरी ठरले आहे. पन्नासच्या आसपास गावांवर पाणी येणार होते. संपादन १८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वये व्हायचे होते, म्हणजे खासगी कंपनीसाठी सरकार जमीन घेणार होते.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुमारे बाराशे मावळ्यांनी धरणाच्या जागी जाऊन ठाण मांडले आणि काम बंद पाडले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची शपथ. गांधीजींनी टाटांना उद्देशून लिहिले की कायदेशीर हक्कावर अडून न बसता लोकांशीच बोलून मार्ग काढावा. काम काही महिने थांबले. वर्ष संपण्याच्या सुमारास ते सरकारच्या पाठबळावर पुन्हा सुरू झाले आणि सत्याग्रहाचा दुसरा टप्पा आला. यात धरपकड झाली, शिक्षा झाल्या, लोक तुरुंगात गेले. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे या लढ्याचे प्रमुख. पारनेरच्या बापटांना ‘सेनापती’ ही पदवी येथेच मिळाली. ज्यांना सगळा महाराष्ट्र सेनापती बापट म्हणून ओळखतो, त्यांचे सेनापतिपद कोणत्याही फौजेचे नव्हते, मुळशीच्या शेतकऱ्यांचे होते. शेवटी, १९२४ मध्ये, लढा मोडत आल्याचे पाहून त्यांनी हाती शस्त्र घेऊन धरणाच्या कामाची आगगाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा पत्करली. १९३१ मध्ये ते सुटले, तेव्हा भिऱ्याच्या वीजघराला सुरू होऊन चार वर्षे झाली होती.

लढा फसण्याचे एक कारण सरकार आणि कंपनी यांचे बळ हे तर आहेच. पण मला अधिक विचार करायला लावते ते दुसरे कारण. त्या वर्षी देशात असहकाराची चळवळ होती आणि स्वदेशी उद्योग हा देशाभिमानाचा विषय होता. टाटा तर स्वदेशी उद्योगाचे मूर्तिमंत उदाहरण. मुंबईच्या गिरण्यांना स्वस्त वीज मिळाली, तर मँचेस्टरच्या कापडाशी टक्कर देता येईल, असा युक्तिवाद करणारे लोक राष्ट्रवादीच होते. त्यांना मुळशीचा शेतकरी प्रगतीच्या आड येणारा वाटला. दुसऱ्या बाजूच्या राष्ट्रवाद्यांना प्रश्न पडला की स्वराज्याची भाषा बोलणाऱ्याने मावळ्याला त्याच्या खाचरातून हाकलायचे कोणत्या तोंडाने? पुण्याच्या सभांत आणि वृत्तपत्रांत हा वाद चालला तेव्हा ‘विस्थापन’ हा शब्द अजून आपल्या रोजच्या बोलण्यात आला नव्हता. अभ्यासक या लढ्याला जगातील पहिला धरणविरोधी लढा म्हणतात. तो पहिला असो वा नसो, पुढच्या शंभर वर्षांत प्रत्येक धरणाच्या वेळी जो वाद झाला, त्याची मांडणी मुळशीत पूर्ण झाली होती.

आता सावकारांविषयी. खोऱ्यातली बरीच जमीन कागदोपत्री पुण्यातल्या सावकारांच्या नावे किंवा त्यांच्याकडे गहाण होती आणि ती कसणारा मावळा कूळ म्हणून कसत होता. सत्याग्रहाच्या सुरुवातीला सावकारही विरोधात होते. परंतु त्यांना जमिनीची किंमत हवी होती आणि मावळ्याला जमीन. नुकसानभरपाईचा आकडा वाढला तसे सावकारांचे मन वळले. कुळाच्या हाती त्यातले फारसे काही पडणार नव्हते, म्हणून तो अडून राहिला. तेव्हा ‘सावकारांचा सत्याग्रह’ हे वर्णन अर्धे खरे आहे, ते सुरुवातीच्या काही काळापुरते. तुरुंगात जाणाऱ्यांत सावकार शोधावे लागतील. आणि ज्यांच्या नावाने जमिनीचा कागदच नव्हता, त्या मजुरांची आणि घाटमाथ्यावर गुरे चारणाऱ्या गवळी धनगरांची नोंद ना सावकाराच्या वहीत होती, ना भरपाईच्या यादीत होण्यासारखी.

प्रश्न : मग ही माणसे गेली कुठे? (डोंबिवली)

काही उतारावर चढून राहिली. आज तलावाच्या कडेने दिसणारी बरीच गावे जुन्या नावाने नव्या जागी वसलेली आहेत. काही पुण्याकडे सरकली. काही मुंबईला गेली. मुंबईच्या डबेवाल्यांमध्ये मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांतील माणसे मोठ्या संख्येने आहेत आणि गिरण्यांतही याच डोंगरी भागातले पुष्कळ लोक लागले. ते सगळेच धरणामुळे गेले असे म्हणता येणार नाही, कारण धरण नसलेल्या खोऱ्यांतूनही माणसे मुंबईला गेलीच. तरी मुळशीच्या पाण्यावर झालेल्या विजेने चालणाऱ्या गिरणीत मुळशीचाच माणूस साच्यावर उभा असण्याचा प्रसंग अशक्य नव्हता.

प्रश्न : माझे मूळ गाव बुडालेल्या गावांपैकी आहे एवढेच घरात माहीत आहे. ते कुठे होते हे शोधण्याची काही रीत आहे का? (ठाणे, पहिल्याच पत्रातील दुसरा प्रश्न)

आहे आणि ती फार अवघड नाही. आधी घरातले आडनाव, कुलदैवत आणि देवीला कुठल्या महिन्यात जाण्याची रीत होती एवढे लिहून काढावे. खोऱ्यातली अनेक गावे उठली तेव्हा ग्रामदेवता बरोबर घेऊन गेली, त्यामुळे नव्या जागेवरचे देऊळ जुन्या गावाचा पत्ता सांगू शकते. त्यानंतर मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा पुणे जिल्ह्यावरचा अठरावा खंड पाहावा. तो १८८५ मध्ये तीन भागांत छापला गेला, म्हणजे धरणाच्या पुष्कळ आधीचा आहे आणि त्यात त्या काळच्या जिल्ह्याचे सविस्तर वर्णन सापडते. जुने गावनकाशे आणि जमिनीच्या नोंदी भूमी अभिलेख कार्यालयात मागता येतात. अर्जात तालुक्याचे आजचे नाव लिहिताना कंसात ‘पूर्वीचा मुळशी पेटा’ असे लिहावे, म्हणजे शोधणाऱ्याचे काम सोपे होईल. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे. देशमुखी किंवा पाटीलकीचा काही संबंध घरात सांगितला जात असेल तर तेथेही वेळ द्यावा, मात्र मोडी वाचणाऱ्याला बरोबर न्यावे.

आणि शक्य असेल तर मेच्या अखेरीस, पाऊस येण्यापूर्वी, एकदा तलावाच्या काठाने वडुस्त्याकडे जाऊन यावे. पाणी उतरलेले असते तेव्हा काठच्या भेगाळलेल्या गाळातून जुन्या खाचरांचे दगडी बांध एकाखाली एक, पायऱ्यांसारखे, पाण्यात उतरताना दिसतात. तेथे गुरे राखणारे कोणी वयस्कर माणूस भेटल्यास गावाचे नाव न विचारता शेतांची नावे विचारावीत. गावांची नावे नकाशात सापडतात; शेतांची नावे अशा माणसांनाच ठाऊक असतात आणि आपल्या आजीने सांगितलेले एखादे नाव त्यांत निघाले, तर बांधावर उभे राहून त्याची दिशा नीट लिहून घ्यावी.